एका बाजूची काच

माझं निम्मं आयुष्य खिडकीत गेलं आहे. हे वाक्य वाचून कोणी गैरसमज करून घेऊ नये. समोरच्या खिडकीकडे टक लावून बसण्याइतका मी रसिक नाही, आणि दिग्रससारख्या गावात ते कोणी फार दिवस चालूही देत नाही. मी बँकेत कारकून आहे. बी.कॉम. झालो, परीक्षा दिली, लागलो, आणि तेव्हापासून एका खिडकीमागे बसून दुसऱ्यांच्या पैशांकडे आदराने बघत आलो आहे. आमच्या हुद्द्याचं नावच मुळी 'सिंगल विंडो ऑपरेटर' होतं. मराठीत सांगायचं तर 'एकखिडकी चालक'. कारकून म्हटल्यापेक्षा हे सासुरवाडीला सांगायला बरं पडायचं, पण पगार कारकुनाचाच. २०२० साली करोना आला तेव्हा त्या खिडकीला पारदर्शक प्लॅस्टिकही लागलं. समोर टेबलावर संगणक, त्याच्या पोटात पुन्हा विंडोज. म्हणजे खिडकीत बसायचं, खिडकीत बघायचं आणि खिडकीतून शिव्या खायच्या.

त्यामुळे २०२५ च्या मे महिन्यात, अमरावतीहून इंजिनिअरिंगची परीक्षा देऊन सुट्टीवर आलेले आमचे चिरंजीव जेवताना म्हणाले, "बाबा, आपल्या कॉम्प्युटरला खिडकी बसवायची आहे," तेव्हा मी शांतपणे म्हणालो, "आहे की. विंडोज दहा."

"ती नाही हो. काचेची. बाजूला."

घरातल्या संगणकाचा तो जो उभा पत्र्याचा डबा असतो, ज्याला सगळं गाव 'सीपीयू' म्हणतं (आणि चिरंजीव म्हणतात की सीपीयू म्हणजे आतली एक चौकोनी चकती, डबा नव्हे), त्याच्या एका कुशीचा पत्रा कापायचा आणि तिथे काच लावायची. म्हणजे आतले पंखे फिरताना दिसतात, आतला बोर्ड दिसतो, आत रंगीत दिवे लावले तर तेही दिसतात.

"पण बघायचं कशाला?" मी विचारलं.

"आत काय आहे ते दिसायला नको?"

हा प्रश्न त्याने सहज विचारला. घास माझ्या घशात का अडकला, ते पुढे सांगतो.

मी ताबडतोब विरोधाला लागलो. बँकेत काम केलेल्या माणसाला विरोध शिकवावा लागत नाही. १९८० च्या दशकात बँकांत संगणक यायला लागले तेव्हा आमच्या आधीच्या पिढीने संगणकालाच विरोध केला होता. मी तर नुसत्या काचेला करत होतो. पहिला मुद्दा हवामानाचा. दिग्रसला मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. कूलरसमोर बसलेला माणूससुद्धा वाफाळलेला दिसतो. त्या डब्याच्या कुशीतल्या जाळीच्या भोकांतून जी काही हवा जाते, तीही काच लावून बंद करायची? दुसरा मुद्दा धुळीचा. आमचा मुलूख कापसाचा. हंगामात जिनिंगकडून जी रुई उडते ती रस्त्यावर, दोरीवरच्या कपड्यांवर, दह्यावर, सगळीकडे बसते. ती आत गेलेली रोज काचेतून बघत बसायची?

"हवा कुशीतून नाही जात बाबा. पुढचा पंखा थंड हवा आत घेतो, मागचा गरम हवा बाहेर टाकतो. आणि धूळ दिसली तर आपण साफ तरी करू."

मग मी विज्ञानाकडे वळलो. डबे पत्र्याचे करतात त्याला कारण असतं, म्हणालो. १८३६ साली फॅरेडेने दाखवलं की धातूच्या पिंजऱ्यात बाहेरची वीज शिरत नाही. आतल्या विद्युतलहरींनाही तोच पत्रा बराचसा अडवतो. काच लावलीस तर शेजारच्यांच्या रेडिओत खरखर होईल.

"शेजाऱ्यांकडे रेडिओ आहे का?"

नव्हता. मग उरलं तत्त्वज्ञान. कॉमर्सच्या माणसाने तत्त्वज्ञानात शिरू नये असा संकेत आहे, पण प्रसंगच तसा होता. मी त्याला मोमसची गोष्ट सांगितली. ग्रीक लोकांचा मोमस नावाचा एक देव होता. चुका काढणं हे त्याचं काम. म्हणजे आमच्या ऑडिटरचाच ग्रीक अवतार. देवांचा लोहार हेफेस्टस याने माणूस घडवला आणि मोमसला तपासायला दिला. मोमसने शेरा मारला : काम ठीक आहे, पण याच्या छातीला खिडकी ठेवलेली नाही. मनात काय चाललंय ते दिसणार कसं? दुसऱ्या शतकातल्या ल्युसिअन नावाच्या लेखकाने ही गोष्ट नोंदवून ठेवली आहे. "आणि लक्षात घे," मी म्हणालो, "देवांनी त्याचा शेरा वाचला, पण खिडकी काही बसवली नाही. ते शहाणे होते."

"मारुतीने तर छाती फाडून दाखवली," आतून आवाज आला. आमच्या सौ. पोळ्या लाटत होत्या, पण कान चर्चेत होता. "लावू द्या की त्याला. एवढे चोवीस हजार घातले त्या कार्डात, निदान दिसेल तरी."

आता मघाच्या घासाचं सांगतो.

चार वर्षांपूर्वी, २०२१ साली, शाळा-कॉलेजं मोबाइलच्या पडद्यावर भरत होती. चिरंजीव अकरावीत होते आणि त्यांना त्रिमिती चित्रांचा नाद लागला होता. त्यासाठी ग्राफिक कार्ड लागतं, असं त्यांनी सांगितलं; अभ्यासासाठीही लागतं असंही सांगितलं, आणि मी कॉमर्सचा असल्यामुळे ते मानलं. पण त्या वर्षी जगभर चिपची टंचाई होती. त्यातून ही कार्डं शेकड्याने ओळीत मांडून त्यांच्यावर इथरियमसारखं आभासी नाणं 'खणणारे' लोक निघाले होते. (ती खाण २०२२ च्या सप्टेंबरात बंद पडली.) तेव्हा कार्डांचे भाव अस्मानाला भिडले होते. आम्ही घरात बसून चोवीस हजार रुपये मंजूर केले. मी ते घेऊन गेलो आणि साडेतेरा हजारांत वापरलेलं कार्ड घेऊन आलो. दुकानदाराने सगळं उघडपणे सांगितलं होतं. कार्डाच्या कडेवर पांढऱ्या रंगाने '१७' असा आकडा होता. कुठल्यातरी ओळीतलं ते सतरावं कार्ड असणार. त्याने ते डब्यात बसवून दिलं, पत्रा लावला, स्क्रू पिळले. '१७' अंधारात गेला.

उरलेले साडेदहा हजार माझ्या खिशात गेले असते तर निदान चोर तरी म्हणवलो असतो. ते गेले गावी, धाकट्या भावाकडे. त्या वर्षी सोयाबीन पेरल्यावर पावसाने दडी मारली नि त्याला दुबार पेरणी करावी लागली. बियाण्याला पैसे नव्हते. तो मागायला आला नव्हता. नुसता येऊन बसला होता. आणि घरात ठराव होता की भाऊजींना आता आणखी पैसे द्यायचे नाहीत. आधीचे आले नव्हते, त्यामुळे ठराव रास्तच होता. मी ठराव मोडला नाही. ठरावाला वळसा घातला.

पत्रा होता तोवर या व्यवहाराचा मला त्रास झाला नाही. उलट, रात्री कधी त्या डब्याचा घुमणारा आवाज ऐकला की थोडं बरंच वाटायचं : एका पैशात पोरगाही शिकला, भाऊही पेरता झाला. माणसाला स्वतःच्या लबाडीत चांगुलपणा दिसायला लागला की ती लबाडी फार टिकाऊ होते. आणि आता तिला खिडकी पडणार होती.

बहुमत गेलं. आम्ही काचवाल्याकडे गेलो. हा मनुष्य फोटोच्या फ्रेमी, शोकेसची दारं नि देवघरांच्या काचा करतो. चिरंजीवांनी पुठ्ठ्यावर माप कापून आणलं होतं : बरोबर एक फूट बाय एक फूट दोन इंच, चार मिलिमीटर जाडी, टफन ग्लास.

"साहेब, साधी लावा ना," तो म्हणाला. "हिऱ्याच्या कलमीनं आत्ता कापून देतो."

"फुटली तर?"

"फुटली तं सुऱ्या होते तिच्या."

"मग टफनच दे. कापून."

त्याने माझ्याकडे दयेने बघितलं. "बाप्पा! टफन काच कापता येत नाई साहेब. आंधी साधी काच मापात कापा लागते, भोकं पाडा लागते, कडा घासा लागते, मंग भट्टीत जाते. भट्टीतून निंघाल्यावर तिले कापाले गेलं का झाला चुरा."

चिरंजीवांनी शास्त्र सांगितलं. काच सहाशे अंशांच्या वर तापवतात आणि दोन्ही बाजूंनी हवेचे झोत मारून झटकन थंड करतात. वरचा थर आधी आवळतो, आतला मागून आवळायला बघतो पण वरचा त्याला आवळू देत नाही. त्यामुळे वरचा थर कायम दाबाखाली, आतला कायम ताणाखाली. या दाब-ताणामुळेच ती साध्या काचेच्या चार-पाच पट मजबूत होते. मधोमध ठोसा मारला तर सोसते. पण कडेला, कोपऱ्यावर, फरशीचा बारीकसा टोला बसला की सगळा ताण एकदम सुटतो नि हजार बोथट तुकडे होतात.

मी मनात म्हटलं, ही काच नव्हे, हा मध्यमवर्गीय माणूस आहे. वरून दाब, आतून ताण, लोक म्हणतात काय खंबीर आहे. फक्त कोपऱ्यावर टिचकी मारू नका. माझा कोपरा '१७' नंबरचा होता.

काच बाहेरगावच्या भट्टीतून यायला आठ दिवस लागले. तोवर वेल्डिंगवाल्याने ग्राइंडरने पत्र्याला चौकोनी भोक पाडून चारी बाजूंना पट्टी ठेवून दिली होती. काच आली ती किलोभराहून किंचित जास्त भरली. आतून चिकटपट्टी, कडेला रबराची बिडिंग, असा बेत ठरला आणि रविवारी सकाळी डबा दिवाणखान्यात वर्तमानपत्रावर आडवा झाला. ऑपरेशनच्या वेळी नातेवाईक जमावेत तसे शेजारचे दोघे-तिघे जमले.

मी मुद्दाम जवळ बसलो. पत्रा निघाल्याबरोबर कार्डावर फडकं टाकायचं, धूळ पुसल्याचं निमित्त करायचं, असा माझा डाव होता. पत्रा निघाला. आत चार वर्षांची रुई, एक मेलेली पाल आणि सौ.चं २०२२ साली हरवलेलं एक टिकलीचं पाकीट निघालं. मी फडकं घेऊन झेपावलो आणि थांबलो.

'१७' नव्हता. कार्डाच्या कडेवर काळ्या चिकटपट्टीचा एक तुकडा होता. सरळ, कोपरे दाबलेला, जणू कंपनीनेच लावला असावा असा.

सौ. चहा आणायला आत गेल्या. शेजारी पालीच्या वयाबद्दल बोलत होते. चिरंजीव खालच्या आवाजात म्हणाले, "बाबा, ते मी तेव्हाच झाकलं. पहिल्यांदा धूळ काढली तेव्हा."

"तुला माहीत होतं?"

"नव्या कार्डावर सतरा नंबर कोण लिहितं बाबा?" तो म्हणाला. "मला वाटलं, तुमच्याकडे पैसे कमी पडले असतील नि सांगायची लाज वाटली असेल. म्हणून मग मी पण..."

वाक्य त्याने पुरं केलं नाही. पण मला एकदम आठवलं, की बारावीनंतर त्याचे मित्र नवे लॅपटॉप घेत होते तेव्हा हा म्हणाला होता, "मला नको, आहे त्यावर भागतं." मी चार वर्षं बाप म्हणून समजूतदार होतो अशी माझी समजूत होती. समजूतदारपणा सगळा तिकडून चालला होता, आणि तोही खोट्या माहितीवर.

मग काम सुरू झालं, आणि या उद्योगातली खरी गंमत मला कळली. आत वायरींचं जंजाळ होतं. लाल, पिवळ्या, काळ्या, एकमेकींच्या गळ्यात पडलेल्या. चिरंजीवांनी त्या एकेक करून सोडवल्या आणि मधल्या पत्र्याच्या भोकांतून मागच्या बाजूला ढकलल्या. सगळ्या. काचेच्या बाजूला उरला स्वच्छ बोर्ड, फिरणारे पंखे नि निळा प्रकाश. काच बसली, दिवे लागले, शेजारी म्हणाले, "बाप्पा! काय चमकून राह्यलं!" सौ. म्हणाल्या, "बघा, किती नीट असतं आत! उगीच झाकून ठेवलं होतं." मी डबा फिरवून दुसऱ्या बाजूने बघितलं. तिकडे पत्राच होता, आणि त्या पत्र्यामागे सगळ्या वायरी कोंबलेल्या होत्या. तो पत्रा बसवताना चिरंजीवांना गुडघा टेकवून दाबावं लागलं होतं.

"सगळ्या काचवाल्या कॉम्प्युटरांचं असंच असतं?" मी विचारलं.

"जवळजवळ सगळ्यांचं. एका बाजूला काच असली की दुसऱ्या बाजूला वायरी."

त्या रात्री मला झोप आली नाही. कूलरचं पाणी संपलं होतं हे एक कारण. पण दुसरंही होतं. मी विचार करायला लागलो की जगातल्या सगळ्या काचा अशाच तर नसतात? पॅरिसमध्ये १९७७ साली पाँपिदू सेंटर नावाची इमारत उभी राहिली. पियानो आणि रॉजर्स या वास्तुशिल्पींनी तिची सगळी आतडी बाहेर काढून लावली : हवेचे नळ निळे, पाण्याचे हिरवे, विजेचे पिवळे, माणसं वर-खाली नेणारे जिने-लिफ्ट लाल. लपवण्यासारखं काही नाही, म्हणे. पण आतडी बाहेर काढली तीसुद्धा रंगवूनच. आपल्याकडे २००२ साली महाराष्ट्राने माहितीच्या अधिकाराचा कायदा केला, २००५ साली तो देशाचा झाला. त्यातलं कलम ४ सांगतं की कचेऱ्यांनी आपली माहिती न मागता आपणहून मांडावी. ही झाली काच. कलम ८ सांगतं, काय काय देता येणार नाही. हा मागचा पत्रा. आणि तो असू नये असं मी म्हणणार नाही. वायरींनाही कुठेतरी जागा लागतेच.

कारण लपवणं हाच तर आमचा धंदा आहे. बँकेत लागताना आम्ही निष्ठेच्या आणि गोपनीयतेच्या प्रतिज्ञेवर सही करतो. १९७० च्या बँक राष्ट्रीयीकरण कायद्यातच ती छापलेली आहे. बी.कॉम.च्या पुस्तकात टूर्नियर खटला होता. १९२४ साली इंग्लंडच्या न्यायाधीशांनी त्यात सांगून ठेवलं की ग्राहकाच्या खात्याचं गुपित बँकेने पाळलंच पाहिजे. अपवाद चार : कायद्याची सक्ती, सार्वजनिक कर्तव्य, बँकेचं स्वतःचं हित आणि ग्राहकाची संमती. नवऱ्याच्या खात्यात किती आहेत हे आम्ही त्याच्या बायकोलासुद्धा सांगत नाही. काउंटरवर किती बायकांना मी हे नम्रपणे ऐकवलं असेल! तेव्हा गुपित म्हणजे पाप नव्हे. माझा बचाव तयार झाला होता. मी कूस बदलली.

पण पहाटे त्याच बँकेने मला दगा दिला. आम्ही ग्राहकाचं गुपित जगापासून लपवतो. ग्राहकापासून लपवत नाही. त्याला पासबुक देतो. तो येऊन म्हणाला, "माझ्या खात्यातून काय गेलं दाखवा," तर छापून द्यावंच लागतं. आणि ते चोवीस हजार माझ्या एकट्याच्या खात्यातले नव्हते. आमचा संसार हे जॉइंट खातं आहे, 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' पद्धतीचं. दोघांपैकी कोणीही काढू शकतो, पण काढलेलं दोघांच्याही पासबुकात उमटलं पाहिजे. मी गुपित पाळलं नव्हतं. मी जॉइंट खातेदाराला पासबुक दिलं नव्हतं. या गुन्ह्याला आमच्याकडे मेमो मिळतो.

मारुतीचीही मला तेव्हा नीट आठवण आली. कीर्तनात ऐकतो ती गोष्ट : सीतामाईने दिलेल्या हारातले मोती तो फोडून बघत होता, भर दरबारात त्याला विचारलं, तुझ्या छातीत तरी राम आहे का, आणि त्याने छाती फाडून दाखवली. पण छातीला कायमची काच बसवून, आत दिवे लावून तो काही हिंडला नाही. विचारलं तेव्हा उघडलं. मोमसला खिडकी हवी होती. मारुतीकडे दार होतं.

सोमवारी रात्री चिरंजीव मित्रांकडे गेल्याचं बघून मी सौ.ना सगळं सांगितलं. १७ नंबर, साडेतेरा हजार, भाऊ, बियाणं. बोलताना दुबार पेरणीवर मी जरा जास्त जोर दिला.

मला वाटलं होतं, भांडण होईल. भांडणाची माझी तयारी होती. त्या काही वेळ बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "त्या दिवाळीला मी पिको-फॉलचं मशीन घेणार होते. आठवतं?"

आठवत नव्हतं.

"साडेनऊ हजारांना मिळत होतं. कॉलनीतल्या चौघींनी साड्या देते म्हणून सांगितलं होतं. मग म्हटलं, पोराच्या कार्डाला चोवीस हजार गेलेत, आता नको. म्हणून नाही घेतलं."

मी गप्प.

"भाऊजींना दिले त्याचं नाही हो मला. पाऊस गेल्यावर कोणालाही देईल माणूस. मला विचारलं असतं तर मी हो म्हणाले असते की नाही, ते आता मलाही सांगता येणार नाही. पण विचारायचं तरी होतं. तुम्ही दान केलंत माझ्या मशीनचं, आणि मला कळलंसुद्धा नाही."

वाचकहो, मी कॉमर्सचा पदवीधर आहे. १४९४ साली व्हेनिसमध्ये पाचोली नावाच्या पाद्र्याने दुहेरी नोंदीची पद्धत पुस्तकात छापली, हे मी पहिल्याच वर्षी पाठ केलं होतं. प्रत्येक व्यवहाराच्या दोन नोंदी : एकीकडे जमा, दुसरीकडे नावे. जमेची बाजू मी चार वर्षं वाचत होतो. भावाची पेरणी, पोराचं शिक्षण, माझं मोठं मन. नावे कोणाच्या पडलं, हे पान मी उलटलंच नव्हतं. चांगल्या हेतूने बोललेलं खोटं फुकट पडतं असं आपल्याला वाटतं. फुकट पडत नाही. त्याचा हप्ता कोणीतरी दुसराच भरत असतो, आणि आपण हप्ता भरतोय हे त्या बिचाऱ्याला माहीत नसतं. आमच्या घरात तर दोघं भरत होते. एक मशीन न घेऊन, दुसरा लॅपटॉप नको म्हणून.

दोन दिवस घरात कामापुरतं बोलणं चाललं. तिसऱ्या दिवशी सौ. हातात फडकं घेऊन त्या डब्यापाशी उभ्या राहिल्या आणि चिरंजीवांना म्हणाल्या, "मागची बाजू उघड. मला बघायची आहे."

त्याने चार स्क्रू काढले. पत्रा निघताच वायरींचा गठ्ठा उसळी मारून बाहेर आला. सौ. बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हं. आता वाटतं आपल्या घरातलं." आणि मग, "त्या कार्डावरची काळी पट्टी पण काढ."

"आई, ते वाईट दिसेल."

"दिसू दे."

काचेचा मला आता राग नाही. पण काच लावली म्हणजे मनुष्य प्रामाणिक झाला, असं मला कोणी सांगितलं तर मी त्याला डबा फिरवून दाखवतो. काचेत आपण जे दाखवायचं ते मांडतो. वायरी मागेच जातात, माझ्या, तुमच्या, सरकारच्या. त्यांनी जावं. प्रश्न इतकाच, की ज्याचा त्या डब्यात पैसा आहे त्याने म्हटलं, "मागचं उघडा," तर उघडतं की नाही. माहितीच्या कायद्यातही कलम ८ च्या पत्र्याला कलम १९ चा स्क्रू ठेवला आहे. नाही म्हटलं तर अपील करता येतं. आमच्या डब्याच्या मागचे जुने स्क्रू पान्याशिवाय निघत नसत. चिरंजीव जाण्यापूर्वी मी त्याच्याकडून हाताने फिरवायचे, खाचेच्या मोठ्या डोक्याचे चार स्क्रू बसवून घेतले. साठ रुपये पडले. पावती सौ.कडे आहे.

पिको-फॉलचं मशीनही आलं. या वेळी दोघं मिळून गेलो. दुकानदाराने मशीन काढून ठेवलं तसं सौ.नी किंमत विचारली नाही, आधी त्याचं झाकण उघडायला लावलं, कडेने बोट फिरवून कुठे आकडा-बिकडा लिहिलेला नाही ना ते बघितलं, आणि मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हं, आता पैसे द्या."

दिवाणखान्यात तो डबा आता काचेची बाजू पुढे करून उभा असतो. संध्याकाळी निळा दिवा लागला की त्या प्रकाशात '१७' हा आकडा पांढराशुभ्र उठून दिसतो. येणारा प्रत्येक पाहुणा आधी म्हणतो, "वा!" आणि मग वाकून विचारतो, "हे सतरा काय आहे हो?"

सौ. चहा आणायला उठता उठता म्हणतात, "यांना विचारा."

आणि मी सांगतो. आतापर्यंत नऊ जणांना सांगून झालं आहे. दहावा भाऊच होता. त्याने ऐकून घेतलं, बराच वेळ त्या काचेत बघत बसला, आणि जाताना सौ.च्या हातात दोन हजार ठेवून गेला. माझ्या नाही.